यो रह्या ब्रेक

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानात सगळ्यात उपयोगी पडलेली गाडी म्हणजे उंट. अहमदशहा अब्दालीकडे जंबुरके होती. उंटाच्या खोगिरावर एक आकडा बसवायचा, त्यावर लहान तोफ सगळीकडे फिरेल अशी अडकवायची, आणि तोफेमागे गोलंदाज. उंट पळत जागा बदलायचा, गुडघे टेकून बसायचा, तोफ उडायची, आणि शत्रू तिकडे नेम धरेपर्यंत उंट दुसरीकडे पोचलेला असायचा. मराठीत याला सुतरनाळ म्हणत. काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तांतात शहाकडच्या अशा दोन हजार उंटांचा उल्लेख आहे. समोर मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याच्या लांब पल्ल्याच्या उत्तम तोफा होत्या, पण त्या बैलांच्या जोड्या लावून ओढायच्या. एकदा मांडल्या की मांडल्या. दुपारनंतर लढाई सरकू लागली तशी तोफाही सरकायला हव्या होत्या. शहाच्या तोफा सरकत होत्या.

म्हणजे ज्या जागेला आपण काला अंब म्हणून ओळखतो, तिथे घरगुती गाडीबदलाची परंपरा अडीचशे वर्षांहून जुनी आहे. हाती असलेलं जनावर घ्या, हाती असलेली वस्तू घ्या, दोन्ही एकमेकांना जोडा, आणि मूळ बनवणाऱ्याने कधी स्वप्नातही पाहिलं नसेल असं काम त्याच्याकडून करून घ्या. जुगाडाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. हे प्रकरण त्या शास्त्राबद्दल आहे, आणि मी ते मनापासून कौतुकानं लिहितो आहे. हसू येईल, पण ते या माणसांच्या बुद्धीचं नवल वाटून येईल. फक्त एका गोष्टीपाशी मी अडणार आहे, आणि वारंवार अडणार आहे. ती गोष्ट म्हणजे ब्रेक.

काला अंब पानिपत शहराबाहेर उग्राखेडीच्या बाजूला आहे. विटांचा स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा आणि गोळा, भोवती कुंपण आणि बाग. रक्तानं काळवंडला अशी ज्याची आख्यायिका आहे ते आंब्याचं झाड वाळून गेलं, तेव्हा पंडित सुगनचंद नावाच्या गृहस्थांनी त्याचं लाकूड विकत घेऊन दरवाजे करवले. ते दरवाजे आज पानिपतच्या संग्रहालयात आहेत. झाड गेलं तर दार करा, या वृत्तीच्या मुलखात वाहनांचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

संक्रांतीला इथे महाराष्ट्रातून माणसं येतात. पुण्यापासून रस्त्यानं सुमारे दीड हजार किलोमीटर. या गाड्या एकदा आतून पाहाव्यात. बोलेरोची मधली सीट काढून तिथे फळी, फळीवर गादी, फळीखाली शेगडी, कुकर, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे आणि पाण्याचे कॅन. खिडकीला आईच्या जुन्या साडीचा पडदा, तोही नाडी घालून नीट सरकणारा. टपावर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला कॅरिअर, कॅरिअरला पाईप आणि पाइपात भगवा. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. प्रत्येक वस्तूमागे एक काका आहे, आणि ती वस्तू कशी सुचली हे तो अर्धा तास सांगू शकतो. मी ऐकतो. या माणसांना स्वतःच्या गाडीची जेवढी माहिती असते तेवढी शोरूममधल्या विक्रेत्याला नसते.

पण या मुलखातला खरा राजा जुगाड हा आहे. गाडीचं नावच जुगाड. हरियाणा-पंजाबात मरूता किंवा पीटर रेहडा असंही म्हणतात. विहिरीवरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन लाकडी फळ्यांच्या सांगाड्यावर पुढच्या बाजूला बोल्टनं कसायचं. इंजिनाच्या चाकावरून पट्टा काढून भंगारातल्या जीपच्या गिअरबॉक्सला जोडायचा. स्टिअरिंग जीपचं, मागचा आस जीपचा, चाकं मिळतील ती. छत, दार, काच, सीट यांतलं काही नाही. सुरू करायचं तर मोठं जड चाक हँडलनं गरगर फिरवायचं, दाब सोडणारी कळ उघडी ठेवून. चाकानं पुरेसा वेग घेतला की कळ मिटवायची, आणि ते जड चाक स्वतःच्या जोरावर पिस्टनला पहिला दाब देऊन जातं. धुराचा एक गोळा, मग धड, धड, धड. पेरणीच्या दिवसांत हेच इंजिन उतरवून पंपावर ठेवायचं. वर्षातून दोनदा व्यवसाय बदलणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

या गोष्टीत मराठी माणसाचा वाटा आहे आणि तो मला अभिमानानं सांगायचा आहे. शेतावर डिझेल इंजिन पोचवणाऱ्यांत किर्लोस्करांचं नाव देशभर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इंग्लंडातल्या लिस्टर आणि पेटर कंपन्यांच्या जुन्या नमुन्यांवरून राजकोटच्या कारखान्यांनी काढलेली इंजिनंही त्याच बाजारात होती. विहिरीतलं पाणी शेतात यावं म्हणून ही यंत्रं केली होती. त्यांनी वीस माणसं आणि चार पोती बाजाराला नेली, हे करणाऱ्यांच्या कल्पनेबाहेरचं काम होतं आणि यंत्रांनी ते निमूटपणे केलं.

काही वर्षांपूर्वी पानिपतच्या सनौली रस्त्यावर असा एक जुगाड उभा होता. चालक साठीच्या घरातला, डोक्याला पांढरं पागोटं. आमच्यातल्या एकानं विचारलं, "ताऊ, ब्रेक कुठंय?" ताऊंनी पायाखालचं पॅडल दाखवलं. ते मागच्या एकाच चाकाला जात होतं. "आणि हे लागलं नाही तर?" ताऊंनी मागे बसलेल्या तेराचौदा वर्षांच्या भाच्याकडे बोट केलं. भाच्याच्या मांडीवर पाचरीसारखा तासलेला लाकडाचा ओंडका होता, वर्षानुवर्षं चाकाखाली जाऊन एका बाजूनं काळा आणि गुळगुळीत झालेला. "यो रह्या ब्रेक." गाडी थांबवायची झाली की भाच्यानं उडी मारायची, गाडीबरोबर चार पावलं पळायचं आणि पाचर मागच्या चाकाखाली सारायची. भाचा लाजून हसला. त्याला आपल्या पदाचं महत्त्व पुरतं ठाऊक होतं.

आम्हीही हसलो. मग मी हिशेब मांडला, आणि तो वाचकांपुढेही मांडतो. गाडी आणि माणसं मिळून दोन हजार किलो धरू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं; उत्तर येतं सव्वा लाख ज्यूलच्या आसपास. ही ऊर्जा एक लिटर पाणी जवळपास तीस अंशांनी तापवू शकते. ब्रेकचं काम म्हणजे ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत बदलून हवेत सोडणं. कारखान्यातल्या गाडीत त्यासाठी चार चाकांना चार लोखंडी ड्रम किंवा चकत्या असतात. इथे एक ड्रम आणि एक भाचा. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून वेग दुप्पट झाला की थांबवण्याचं काम चौपट होतं. लाकडी पाचर ताशी पाच किलोमीटरला उत्तम चालते. ताशी चाळीसला ती चाकाखाली जाईल याची खात्री नाही आणि मुलगा जाणार नाही याचीही नाही.

गाडीत बदल करणारा माणूस इंजिन मोठं करतो, बसायच्या जागा वाढवतो, आवाज वाढवतो, दिवे वाढवतो. ब्रेक वाढवलेला माणूस मला क्वचितच भेटला. यात मूर्खपणा नाही. चालणं दिसतं, ऐकू येतं, गावात मिरवता येतं. थांबण्याची क्षमता दिसत नाही. ती फक्त एका क्षणी लागते, आणि तो क्षण येईपर्यंत सगळं सुरळीतच असतं.

दिल्लीनं याच रक्ताची एक फार देखणी गाडी पाहिली आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकली इथे स्वस्तात निघाल्या. दिल्लीच्या मिस्त्रींनी त्यांचं मागचं चाक काढून दोन चाकांचा टांग्यासारखा डबा जोडला, आणि कनॉट प्लेस ते चांदणी चौक अशी फटफटिया सुरू झाली. चालक मोटरसायकलच्या खोगिरावर, मागे सहा-आठ प्रवासी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे. गिअर हातानं, क्लच पायानं, कारण हार्लेत तसंच होतं. मूळ इंजिनं थकली, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा तिथेही डिझेल इंजिनं बसली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या नियमांपुढे ही सेवा बंद पडली. युद्धासाठी केलेल्या यंत्राला पन्नास वर्षं बाजारहाट करायला लावणं ही माझ्या मते मोठीच नागरी कामगिरी आहे.

आणि पानिपतवरून जाणाऱ्या जीटी रोडवरची सगळ्यात मोठी कामगिरी फार जुनी नाही. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस पंजाब-हरियाणाचे शेतकरी आंदोलनासाठी पानिपतवरूनच दिल्लीच्या सिंघू सीमेला गेले आणि डिसेंबर २०२१ पर्यंत तिथे राहिले. धान्य वाहायच्या ट्रॉल्यांची त्यांनी घरं केली. तळाला भाताचं तणस, त्यावर गाद्या, वर लोखंडी कमानी आणि ताडपत्री, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा आणि मोबाइलची सोय, चढायला शिडी. काहींनी पुढे धुलाईयंत्रंही आणली. आंदोलनाच्या मागण्यांबद्दल कुणाचं काहीही मत असो, उघड्या ट्रॉलीला दिल्लीच्या जानेवारीत राहण्याजोगं करणं ही कसबाची गोष्ट आहे. आणि हा बदल सुरक्षितही होता, कारण ती ट्रॉली उभी होती.

आता आपल्या दारातल्या मोटारीकडे येऊ. इथे गरज कमी आणि हौस जास्त, त्यामुळे फसगतीही मजेदार.

टायर घ्या. हौशी माणूस मूळ ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाऐवजी ६६ चं टाकतो, गाडी रुबाबदार दिसते. पण वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. प्रत्येक फेऱ्यात गाडी आता दहा टक्के जास्त जाते. काट्यावर ८० आहे तेव्हा खरा वेग ८८. मालक मात्र शिस्तीत ऐंशीनं चाललोय म्हणून समाधानी, आणि दंडाची पावती घरी आली की चकित. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक चाकाच्या मध्याशी पकडतो आणि रस्ता कडेला असतो. चाक मोठं झालं की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर सुमारे नऊ टक्के घटतो. वेग नकळत वाढला, ब्रेक नकळत कमी झाला, आणि दोन्हींचे पैसे मालकानं स्वतः दिले.

दुसरा गट गाडी खाली बसवणाऱ्यांचा. मिस्त्री स्प्रिंगचे वेढे कापून देतो. आठ वेढ्यांतले दोन कापले की स्प्रिंग मऊ होईल असं वाटतं, होतं उलटं: दबायला सहाच वेढे उरतात, म्हणून तेवढ्याच वजनाखाली स्प्रिंग कमी दबते, म्हणजेच तीस टक्क्यांहून जास्त कडक होते. मग पानिपतच्या काय आणि सांगलीच्या काय, प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं, आणि आतले सगळे प्रवासी उतरून चालत पलीकडे जातात. लग्नाच्या वरातीत सजवलेल्या गाडीतून नवरदेवाला असं उतरवताना मी पाहिलं आहे. शेरवानी सावरत तो बिचारा गतिरोधक ओलांडून पुन्हा आत बसला.

हेडलाइटचं तसंच. मूळ बल्ब ६० वॅटचा, वायर त्याच मापाची. बाजारात १०० वॅटचा मिळतो, घरीच बदलता येतो. बारा व्होल्टवर ६० वॅटला पाच अँपिअर लागतात, १०० वॅटला आठाच्या वर. वायरीतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती पावणेतीन पटींच्या घरात जाते. पहिल्या रात्री रस्ता लख्ख दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री प्लास्टिक जळल्याचा वास येतो. बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि रिले टाकून देणारे इलेक्ट्रिशियन आहेत, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते दिपतातच.

बुलेटच्या फटाक्यांबद्दल थोडक्यात. धावत्या गाडीची ठिणगी क्षणभर तोडली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. ठिणगी परत आली की तिथे पेटतं. पोरांना वाटतं इंजिनाची ताकद बोलते आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जमवून रस्त्यात रोडरोलरखाली चिरडले, आणि बघ्यांची गर्दी बुलेटपेक्षा जास्त झाली.

एका बदलाबद्दल मात्र हसूच येत नाही: घरगुती गॅसचा सिलिंडर मोटारीला जोडणं. गाडीच्या मान्यताप्राप्त टाकीत ऐंशी टक्क्यांवर भरणं आपोआप थांबतं आणि नळी तुटली तर झडप मिटते. स्वयंपाकाच्या लाल सिलिंडरला यातलं काही नाही, आणि नळीनं एकातून दुसऱ्यात गॅस भरताना अनेक शहरांत माणसं होरपळली आहेत. हे कुणीही, कितीही कुशल असला तरी, करू नये.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. काचांवरच्या काळ्या फिल्मला २०१२ पासून बंदी आहे. पुढच्या लोखंडी गार्डला डिसेंबर २०१७ पासून, कारण धडकेत चुरगळून धक्का शोषायचं काम गाडीच्या तोंडाचं असतं. गार्ड तो धक्का थेट सांगाड्याला देतं आणि एअरबॅगच्या संवेदकांची वेळ चुकवतं. जुगाडाला तर नोंदणी नाही, विमा नाही, पासिंग नाही. त्याखाली आलेल्याच्या घरच्यांनी भरपाई कुणाकडे मागायची? तरी गरज कायद्यापुढे नमत नाही. शेजारच्या पंजाबात एप्रिल २०२२ मध्ये मोटरसायकलला गाडा जोडलेल्या रेहड्यांवर कारवाईचा आदेश निघाला आणि गरिबांच्या ओरड्यानंतर थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला.

या पेचातून एक वाट सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी दिसली. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस म्हणून भंगारातल्या भागांतून लहानशी जीप तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि गाडी सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. जीपच्या बाजूला उभं राहून किक मारणारा माणूस हे दृश्य डिसेंबर २०२१ मध्ये देशभर पोचलं. महिंद्रा उद्योगसमूहाच्या आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि जोडीला खरं तेही सांगितलं: नियमांमुळे ही गाडी कधी ना कधी अडवली जाणार. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंब बोलेरो घेऊन घरी आलं. गाडी रस्त्यावरून काढली, कसबाचा मान राखला. आपल्या आरटीओ कार्यालयांनी अशा कारागिरांना बोलावून, तपासून, काय कमी आहे ते सांगण्याची एक खिडकी उघडावी असं मला फार वाटतं. लोहारांच्या हाताला ब्रेक बसवणं अवघड गेलं नसतं. कोणता आणि किती, हे सांगणारं कुणीतरी हवं.

जुगाडाला असं नियमांत बसवणं एकदा झालेलं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी विजेच्या रिक्षेवर बऱ्याच आधीपासून काम करत होते. दिल्लीत २०१० च्या सुमारास ई-रिक्षा रस्त्यावर आली ती मात्र जुगाडाच्याच वाटेनं: गल्लीतल्या शेडमध्ये जोडलेली, ना नोंदणी ना परवाना. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिला बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये केंद्रानं नियम केले आणि २०१५ च्या दुरुस्तीनं तिला कायद्यात जागा मिळाली. प्रवासी चार, सामान चाळीस किलो, वेग जास्तीत जास्त ताशी पंचवीस, आणि चाचणीत ब्रेक. ताशी पंचवीसला थांबवायची ऊर्जा ताशी चाळीसच्या चाळीस टक्क्यांहून कमी असते, म्हणजे वेगाची मर्यादा हाच निम्म्याहून जास्त ब्रेक झाला.

आज पानिपत शहरात या रिक्षा सगळीकडे दिसतात. चालकांनी त्यांच्यात आपापली भर घालायला केव्हाच सुरुवात केली आहे. थंडीसाठी दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे, छताला कृत्रिम फुलांच्या माळा, सीटखाली स्पीकर. आणि चालकाच्या डाव्या हाताला, कायद्याच्या चार प्रवाशांपलीकडे, रेक्झिन ठोकलेली वीतभर फळी. ती पाचव्यासाठी.